श्रेयाचा हिशेब : संकेतभेदाच्या कथा आणि गाळलेली नावे

दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे गुप्त संदेश उलगडणाऱ्या माणसांविषयी गेल्या अर्धशतकात विपुल लेखन झाले आहे. आठवणी, चरित्रे, कादंबऱ्या, नाटके, चित्रपट या सर्व प्रकारांतून हा विषय हाताळला गेला. रहस्य, युद्ध, बुद्धीची झुंज आणि अखेरीस विजय हे सारे एकाच ठिकाणी मिळाल्यावर लेखकांनी तिकडे धाव घ्यावी, यात नवल नाही. मात्र हे साहित्य एकापाठोपाठ एक वाचत गेले, की एक गोष्ट मनाला खटकू लागते. यंत्र तेच, वर्षे तीच, प्रसंगही बहुतांशी तेच; पण प्रत्येक कथेत काही माणसे दाराबाहेर उभी राहतात. कोणाला आत घ्यावे आणि कोणाला बाहेर ठेवावे, हे लेखक कशाच्या आधारे ठरवतो? आणि तसे ठरवण्याचा त्याचा अधिकार कुठवर पोचतो? या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम मूळ वस्तुस्थिती पाहू या. जर्मन सैन्य आपले बिनतारी संदेश ‘एनिग्मा’ नावाच्या यंत्राने कूटलिपीत रूपांतरित करीत असे. टंकलेखन यंत्रासारख्या या पेटीत एक कळ दाबली, की विद्युतप्रवाह तीन फिरत्या चक्रांतून जाऊन परत येई आणि भलतेच अक्षर उजळे. प्रत्येक कळीसरशी चक्र पुढे सरके, त्यामुळे तेच अक्षर पुन्हा दाबले तरी उत्तर बहुधा वेगळे येई. चक्रांचा क्रम, त्यांची सुरुवातीची स्थिती आणि पुढच्या बाजूच्या तारांची जोडणी ठरावीक काळाने बदलली जाई. ही रचना ठाऊक नसणाऱ्याला संदेश म्हणजे अक्षरांची निव्वळ रास वाटे.

या यंत्राचे अंतरंग सर्वप्रथम उलगडले ते पोलंडमध्ये, १९३२ सालच्या डिसेंबर महिन्यात. पोझनान विद्यापीठात १९२९ साली पोलिश सैन्याच्या कूटलिपी विभागाने गणिताच्या निवडक विद्यार्थ्यांसाठी एक वर्ग चालवला होता. त्यातून मारियन रेयेव्स्की, येझी रुझित्स्की आणि हेन्रिक झिगाल्स्की हे तिघे पुढे आले. रेयेव्स्की तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. जर्मन संदेशक प्रत्येक संदेशाच्या आरंभी तीन अक्षरांची किल्ली दोनदा लिहीत. या एका पुनरावृत्तीचा धागा धरून त्याने चक्रांच्या आतील तारांची जोडणी गणिताने शोधून काढली. हान्स-थिलो श्मिट या जर्मन कर्मचाऱ्याने पैशासाठी विकलेली आणि फ्रेंच अधिकारी गुस्ताव्ह बेर्त्राँ यांनी वॉर्सोला पोचवलेली कागदपत्रे त्याच्या कामी आली. तरीही एक अडसर उरला होता. कळफलकावरच्या तारा चक्राला कोणत्या क्रमाने जोडल्या असतील? रेयेव्स्कीने तर्क केला, की साध्या वर्णानुक्रमाने. आणि तो खरा ठरला. इंग्लंडमधील डिली नॉक्स हा निष्णात संकेतभेदक नेमक्या याच ठिकाणी अडला होता.

पुढील सहा वर्षे पोलंड हे संदेश वाचत राहिला. झिगाल्स्कीने भोके पाडलेल्या कागदी तक्त्यांची पद्धत शोधली. रेयेव्स्कीने ‘बोम्बा’ नावाचे यंत्र योजले. डिसेंबर १९३८ मध्ये जर्मनांनी तीनऐवजी पाच चक्रांतून तीन निवडण्यास सुरुवात केली. चक्रांचे संभाव्य क्रम सहावरून साठ झाले. आता सव्वीस तक्त्यांचे साठ संच, म्हणजे १,५६० तक्ते, हवे होते. बुद्धी होती, मनुष्यबळ आणि पैसा नव्हता. तेव्हा पोलंडने एक असामान्य निर्णय घेतला. २५ आणि २६ जुलै १९३९ रोजी वॉर्सोजवळच्या पिरी येथील जंगलात त्यांनी फ्रेंच व ब्रिटिश प्रतिनिधींना बोलावले, आपले सारे ज्ञान त्यांच्यापुढे उलगडले आणि एनिग्माची एकेक प्रतिकृती दोघांनाही दिली. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत जर्मन रणगाडे पोलंडमध्ये शिरले.

इंग्लंडमधील ब्लेचली पार्क या केंद्राची कीर्ती आज सर्वतोमुखी आहे. ती रास्तच आहे. ॲलन ट्युरिंग, गॉर्डन वेल्चमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे उभारले, ते पोलिश कामाच्या फार पुढे गेलेले होते. परंतु पुढे जाण्यासाठी पाय ठेवायला पायरी लागते. ती पायरी कोणी घातली, हे सांगताना या विषयावरील लेखकांची लेखणी का अडखळते, हाच आपला विषय आहे.

याचे पहिले कारण गुप्ततेच्या शपथेत आहे. युद्ध संपल्यावरही सुमारे तीन दशके कोणी तोंड उघडले नाही. १९७३ साली बेर्त्राँ यांनी फ्रेंच भाषेत पोलिश गणितज्ञांची कामगिरी जाहीर केली; पण इंग्रजी वाचकांपर्यंत पोचले ते पुढल्या वर्षीचे एफ. डब्ल्यू. विंटरबॉथम यांचे ‘द अल्ट्रा सीक्रेट’ हे पुस्तक. लेखकाने ते मुख्यतः स्मरणाच्या बळावर लिहिले. त्यात रेयेव्स्की नाही. जर्मन कारखान्यात काम करून यंत्राची रचना ध्यानात ठेवणाऱ्या एका पोलिश कामगाराची दंतकथा मात्र आहे. गणिताच्या जागी हातचलाखी आली, आणि विद्वानाच्या जागी निनावी मजूर. कॉव्हेंट्री शहरावर होणाऱ्या बॉम्बहल्ल्याची चर्चिल यांना आगाऊ खबर होती, पण गुपित राखण्यासाठी त्यांनी शहर जळू दिले, ही कथाही याच पुस्तकाने सर्वदूर नेली. पुढील संशोधनाने ती टिकू दिली नाही. तरीही दोन्ही कथा आजवर लोकांच्या तोंडी आहेत. जो प्रथम बोलतो, त्याची चूकही दीर्घायुषी होते.

विंटरबॉथम यांच्या पदरात स्मरणदोषाचे माप घालून आपण पुढे जाऊ शकतो. पुढच्या लेखकांना मात्र ही सबब उरली नव्हती. अँड्र्यू हॉजेस यांचे ट्युरिंगचरित्र १९८३ साली प्रसिद्ध झाले. ते एका माणसाचे चरित्र असूनही पोलिश गणितज्ञांच्या कामाला त्यात जागा आहे, सहकाऱ्यांची नावे आहेत. नायकाला मोठे करण्यासाठी इतरांना लहान करण्याची गरज हॉजेस यांना भासली नाही. माझ्या मते हे चरित्र या दालनातील सर्वात प्रामाणिक ग्रंथांपैकी एक होय, आणि म्हणूनच त्याच्या आधारे निघाल्याचे सांगणारा चित्रपट अधिक बोचतो.

हा चित्रपट म्हणजे २०१४ सालचा ‘द इमिटेशन गेम’. दिग्दर्शन मॉर्टन टिल्डम यांचे, पटकथा ग्रॅहम मूर यांची. पटकथेला ऑस्कर पारितोषिक मिळाले. बेनेडिक्ट कंबरबॅच यांचा अभिनय प्रेक्षकाला बांधून ठेवतो, यात शंका नाही. ज्याने देशासाठी एवढे केले, त्याच ट्युरिंगला १९५२ साली समलिंगी संबंधांबद्दल दोषी ठरवण्यात आले, औषधोपचाराची अपमानास्पद शिक्षा देण्यात आली आणि १९५४ साली त्याचा करुण अंत झाला. हा अन्याय चित्रपटाने कोट्यवधी घरांत पोचवला. त्याचे हे ऋण मान्य केलेच पाहिजे.

परंतु या चित्रपटात चार-पाच माणसे एका खोलीत बसून युद्ध जिंकतात. ट्युरिंग सर्वांशी फटकून वागतो, एकटाच यंत्र बांधतो, आणि त्याचा वरिष्ठ कमांडर डेनिस्टन त्याच्या मार्गात धोंड बनून उभा राहतो. वास्तविक पिरीच्या जंगलात पोलिश गणितज्ञांना भेटायला गेलेल्या ब्रिटिशांमध्ये हाच डेनिस्टन होता. प्राध्यापक वर्गातील तरुणांना युद्धापूर्वीच हेरून ठेवण्याची दूरदृष्टीही त्याचीच. पोलिश वारसा एका ओझरत्या उल्लेखात आटोपतो. यंत्राचा विद्युतमंडल-फलक ही वेल्चमनची कल्पना, ती ज्याच्या हातून साकार झाली तो लेचवर्थ येथील अभियंता हॅरॉल्ड कीन. या दोघांना पडद्यावर स्थान नाही. जॉन केर्नक्रॉस हा सोव्हिएत हेर ट्युरिंगच्या चमूत बसवला आहे, आणि ट्युरिंग त्याचे गुपित भीतीपोटी लपवतो, असे दाखवले आहे. या प्रसंगाला इतिहासात आधार नाही. ज्याच्यावरील अन्याय दूर करायचा, त्याच्याच माथी देशद्रोह झाकल्याचा आळ मारण्यात आला आहे.

एक उदाहरण तर मुळातून पाहण्याजोगे आहे. चित्रपटात ट्युरिंग चर्चिल यांना पत्र लिहितो आणि प्रमुखपद मिळवतो. खरे पत्र २१ ऑक्टोबर १९४१ चे. त्यावर ट्युरिंग, वेल्चमन, ह्यू अलेक्झांडर आणि स्टुअर्ट मिल्नर-बॅरी अशा चौघांच्या सह्या आहेत. त्या चौघांनी पद मागितले नव्हते. त्यांनी माणसे मागितली होती: लिपिक स्त्रिया, टंकलेखिका, यंत्रांवर काम करणाऱ्या मुली. हात अपुरे पडल्यामुळे रात्रपाळ्या बंद कराव्या लागत आहेत, संदेश वेळेवर उलगडत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. चर्चिल यांनी त्यांना हवे ते तातडीने पुरवण्याचा आदेश दिला. म्हणजे ज्या पत्रातून प्रतिभावंतांनी सामान्य माणसांच्या हातांची किंमत मान्य केली, तेच पत्र पटकथेने एका प्रतिभावंताच्या एकाकीपणाचा पुरावा म्हणून वापरले. यापेक्षा अर्थाची अधिक उलटापालट कल्पिता येणार नाही.

हे हात कोणाचे होते? जानेवारी १९४५ मध्ये ब्लेचली पार्क व त्याच्या उपकेंद्रांत सुमारे ९,००० माणसे काम करीत होती आणि त्यांपैकी साधारण तीन चतुर्थांश स्त्रिया होत्या. दूरवरच्या ठाण्यांवर कानाला श्रवणयंत्र लावून मोर्सचे ठिपके-रेषा टिपून घेणाऱ्या, दोनशेहून अधिक ‘बॉम्ब’ यंत्रांपुढे आठ-आठ तास उभ्या राहून चक्रे बदलणाऱ्या, लाखो नोंदपत्रे लावणाऱ्या या तरुणी होत्या. खोलीत उष्मा, तेलाचा वास आणि कान बधिर करणारा खडखडाट. आपण नेमके काय करतो आहोत, हे त्यांतील बहुतेकींना सांगितलेही जात नसे. शेजारच्या खोलीत काय चालते, हे विचारायचे नाही. घरी काही बोलायचे नाही. पुढे अनेकींचे आईवडील, कित्येकींचे पतीही, सत्य न कळताच निवर्तले. ब्रिटिश सरकारने या सेवकांसाठी स्मृतिचिन्ह काढले ते २००९ साली; तोवर निम्म्याहून अधिक आयुष्य कुणाचेच मागे उरले नव्हते.

आणि त्या केवळ यंत्राच्या राखणदार नव्हत्या. मेविस लेवर एकोणीस वर्षांची असताना तिने उलगडलेल्या इटालियन नौदलाच्या संदेशांमुळे मार्च १९४१ मधील मातापानच्या सागरी लढाईची पूर्वसूचना मिळाली. जोन क्लार्क ही केंब्रिजची गणितज्ञ. चित्रपटात ती वर्तमानपत्रातील शब्दकोडे सोडवून नोकरी मिळवते. खरे तर भूमितीच्या अभ्यासात तिचे मार्गदर्शक असलेल्या वेल्चमन यांनी तिला बोलावून घेतले होते. स्त्री संकेतभेदकाला बढती देण्याची तरतूद नियमांत नव्हती, म्हणून तिला भाषातज्ज्ञ म्हणून दाखवण्यात आले. परकी भाषा कोणती येते, या रकान्यात ‘एकही नाही’ असे लिहिताना तिला मोठी मौज वाटली. १९४४ साली ती आपल्या विभागाची उपप्रमुख झाली. शब्दकोड्याच्या प्रसंगापेक्षा हा एक रकाना किती बोलका आहे! पटकथाकाराला तो सापडला नाही की नको होता, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

टॉमी फ्लॉवर्स यांची गोष्ट निराळी, पण वेदना तीच. पूर्व लंडनमधील एका गवंड्याचा हा मुलगा टपाल खात्यात अभियंता होता. हिटलरच्या वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांचे संदेश एनिग्माहून अवघड अशा लॉरेंझ यंत्रातून जात. बिल टट या तरुण गणितज्ञाने ते यंत्र न पाहता १९४२ साली त्याची रचना ताडली. मग फ्लॉवर्स यांनी सुमारे १,६०० निर्वात नलिकांचे ‘कोलोसस’ यंत्र बांधले. १९४४ च्या आरंभी ते ब्लेचलीत चालू झाले. इतक्या नलिका एकत्र टिकणारच नाहीत, असे जाणकार सांगत असताना त्यांनी स्वतःच्या खिशालाही चाट लावली. युद्धानंतर मिळालेल्या एक हजार पौंडांत ती भरपाईसुद्धा झाली नाही. गणकयंत्राच्या इतिहासात त्यांचे नाव शिरायला दशके लागली, कारण आपण काय केले हे सांगण्याची त्यांना मुभाच नव्हती.

येथे कोणी म्हणेल, की कलाकृती म्हणजे इतिहासाचा ग्रंथ नव्हे. नऊ हजार माणसे पडद्यावर कशी मावणार? आक्षेप रास्त आहे. संक्षेप हा कलेचा धर्म आहे, आणि दोन-तीन व्यक्तींचे एक पात्र करणे हा जुनाच मार्ग आहे. परंतु गाळणे आणि हिरावणे यांत फरक केला पाहिजे. एखाद्याचे नाव न घेणे ही मर्यादा झाली. त्याचे कर्तृत्व दुसऱ्याच्या नावावर चढवणे, किंवा दुसऱ्याचा अपराध त्याच्या नावावर टाकणे, हा अन्याय झाला. लेखकाने खरी नावे वापरली आणि शेवटी पडद्यावर इतिहासाची ग्वाही दिली, की या अन्यायाला सत्याचा शिक्का मिळतो. मृत माणूस प्रतिवाद करू शकत नाही. म्हणून त्याच्या बाबतीत लेखकाचे उत्तरदायित्व वाढते.

काल्पनिक नावे वापरली, की हे उत्तरदायित्व संपते का? रॉबर्ट हॅरिस यांची ‘एनिग्मा’ ही १९९५ सालची कादंबरी या दृष्टीने तपासण्यासारखी आहे. तिची बांधणी घट्ट आहे, ब्लेचलीतील थंडी, शीण आणि संशय यांचे चित्रण अस्सल आहे. २००१ साली मायकेल ॲप्टेड यांनी तिचा चित्रपट केला. कथेतील फितूर मात्र पोलिश वंशाचा संकेतभेदक आहे. कातिन येथे सोव्हिएत पोलिसांनी पोलिश अधिकाऱ्यांची केलेली कत्तल दोस्त राष्ट्रे झाकत आहेत, हे कळल्यावर तो सूडाने शत्रूकडे वळतो. हेतूला दुःखाची बैठक देऊन लेखकाने त्याला निव्वळ खलनायक होऊ दिलेले नाही, हे खरे. तरीही परिणाम असा, की ज्या देशाने कुलूप उघडून दिले, त्याचा या कथेतला ठळक प्रतिनिधी घरभेदी ठरतो. चित्रपट आल्यावर पोलिश लोक दुखावले, यात आश्चर्य ते काय?

प्रत्यक्षात पोलिश माणसे कशी वागली? ग्वीदो लांगर आणि माक्सिमिलियन चेंश्की हे पोलिश विभागाचे अधिकारी १९४३ साली जर्मनांच्या हाती सापडले. युद्धापूर्वीच्या बदलांनंतर आम्हाला काही वाचता आले नाही, असे खऱ्याखोट्याचे मिश्रण सांगून त्यांनी गुपित राखले. एनिग्माच्या पोलिश प्रतिकृती घडवणारे आंतोनी पालुत आणि एदवार्द फोकचिन्स्की साक्सनहाउझेनच्या छळछावणीत मरण पावले. त्यांच्याकडूनही गुपित फुटले नाही. रुझित्स्की जानेवारी १९४२ मध्ये भूमध्य समुद्रात जहाज बुडून गेला. रेयेव्स्की आणि झिगाल्स्की पिरेनीज पर्वत ओलांडून स्पेनच्या तुरुंगांतून कसेबसे ऑगस्ट १९४३ मध्ये इंग्लंडला पोचले. तेथे त्यांना ब्लेचलीचे दार उघडले नाही. एका पोलिश लष्करी तुकडीत दुय्यम संकेतांचे काम त्यांच्या वाट्याला आले. रेयेव्स्की १९४६ साली मायदेशी परतला आणि बिद्गोश्च शहरात हिशेबाची नोकरी करीत राहिला. कम्युनिस्ट राजवटीचे गुप्त पोलीस त्याच्यावर पाळत ठेवीत होते. आपण सुरू केलेल्या कामाने पुढे केवढा विस्तार घेतला, हे त्याला कळले तेव्हा तो सत्तरीच्या उंबरठ्यावर होता. १९८० साली तो वारला. पोलंडचा मोठा सन्मान तिघांना मरणोत्तर मिळाला तो २००० साली, आणि ब्रिटनने रेयेव्स्कीचे युद्धपदक त्याच्या कन्येच्या हाती दिले २००५ साली.

हॉलिवूडचा ‘यू-५७१’ हा २००० सालचा चित्रपट याच पंक्तीतला. त्यात अमेरिकन नौसैनिक जर्मन पाणबुडीतून एनिग्मा हस्तगत करतात. वस्तुतः अमेरिका युद्धात उतरण्यापूर्वी, मे १९४१ मध्ये, ब्रिटिश नौसैनिकांनी ‘यू-११०’ मधून ते मिळवले होते. ३० ऑक्टोबर १९४२ रोजी भूमध्य समुद्रात बुडत्या ‘यू-५५९’ मध्ये उतरून संकेतपुस्तिका वर पाठवणारे अँथनी फॅसन आणि कॉलिन ग्रेझियर पाणबुडीबरोबरच तळाला गेले. त्या पुस्तिका वर घेणारा टॉमी ब्राउन हा जहाजाच्या उपाहारगृहातील सोळा वर्षांचा पोरगा होता. त्या पुस्तिकांमुळे डिसेंबरमध्ये पाणबुड्यांचे संदेश पुन्हा वाचता येऊ लागले. चित्रपटाच्या शेवटी खऱ्या जहाजांची नोंद झळकते. दोन तास एक सांगायचे आणि दोन ओळींत त्याची भरपाई करायची, हा हिशेब जुळत नाही.

आपल्या देशालाही या इतिहासाचा एक धागा जोडलेला आहे. जपानी संदेश उलगडणारे ‘वायरलेस एक्स्पेरिमेंटल सेंटर’ दिल्लीच्या आनंद पर्वतावर, रामजस कॉलेजच्या वास्तूत होते. तेथे काम केलेल्या ॲलन स्ट्रिप यांनी १९८९ साली आपल्या अनुभवांवर पुस्तक लिहिले. ब्रह्मदेशच्या आघाडीला उपयोगी पडलेल्या या केंद्राचे नाव आपल्याकडे कितीजणांना ठाऊक आहे? तेथील भारतीयांच्या कामाची कथा आपण कुणाच्या लेखणीवर सोपवली आहे? दुसऱ्यांच्या विस्मरणाला बोल लावताना स्वतःच्या विस्मरणाकडेही पाहिले पाहिजे.

या पार्श्वभूमीवर २०१८ साली प्रसिद्ध झालेले ‘एक्स, वाय अँड झेड’ हे पुस्तक मला विशेष मोलाचे वाटते. एक्स म्हणजे फ्रेंच, वाय म्हणजे ब्रिटिश आणि झेड म्हणजे पोलिश. लेखक डर्मट ट्युरिंग हे ॲलन ट्युरिंग यांचे पुतणे. काकांची कीर्ती वाढवणारे आणखी एक पुस्तक लिहिणे त्यांना सोपे होते. त्यांनी पोलिश आणि फ्रेंच माणसांची कथा लिहिली. नावांची दाटी आहे, वाचताना मागची पाने पुन्हा उलटावी लागतात, कथेचा ओघ मधूनच मंदावतो. चित्रपटाची गती त्याला नाही. परंतु ही दाटीच सत्याच्या जवळची आहे. काम खरोखरच इतक्या माणसांच्या हातून झाले होते.

ट्युरिंग स्वतः या ऋणाविषयी अनभिज्ञ नव्हता. ब्रिटनमध्ये तयार झालेल्या झिगाल्स्कीच्या तक्त्यांचा संच जानेवारी १९४० मध्ये तोच फ्रान्समध्ये घेऊन गेला आणि निर्वासित पोलिश गणितज्ञांना भेटला. त्याच तक्त्यांच्या साहाय्याने तेथे युद्धकाळातील एनिग्माची पहिली उकल झाली. पिरीच्या भेटीत आधी चिडलेल्या नॉक्सनेही नंतर त्या तिघांना आभाराचे पत्र आणि रेशमी रुमाल पाठवले होते. काम करणाऱ्यांनी एकमेकांचे श्रेय मानले; ते विसरले गेले कथा सांगणाऱ्यांकडून.

म्हणून या विषयावरील पुढचे पुस्तक हाती घेताना किंवा चित्रपट पाहताना वाचकाने एवढेच विचारावे: ही कथा उभी राहण्यासाठी कोणाला खाली बसवले गेले आहे? या प्रश्नाला जी कलाकृती न डगमगता उत्तर देऊ शकेल, तीच टिकेल. एकाच माणसावर प्रकाश टाकण्यास हरकत नाही. मात्र त्याच्या उजेडासाठी इतरांचे दिवे मालवता कामा नयेत.